फ्रेंच प्रेसच्या कॉफीला जून लागल्यापासून खवट वास येतोय. जाळीचा दोष की पावसाचा?

कुळागर, फोंडा
४ जुलै, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचून जाते, आज गाऱ्हाणं घेऊन आलेय.

जानेवारीत नवऱ्याने फ्रेंच प्रेस आणली. काचेची, ६०० मिलीची, स्टीलच्या जाळीची; पूड गरम पाण्यात भिजवायची आणि जाळीचा दट्ट्या दाबून गाळायची. दर वेळी कागद फेकायला नको, जाळी धुतली की पुन्हा तयार, हे मला फार आवडलं. एप्रिलपर्यंत कॉफी झकास व्हायची. जून लागला आणि बिघडली. नुसती कडू असती तर साखर घातली असती. पण भजी तळून झाल्यावर कढईत राहिलेलं तेल दोन दिवसांनी जसं वास मारतं ना, तसं काहीतरी घोटाच्या मागून येतं. सासूबाई पहिल्याच घोटाला म्हणाल्या, "हातूंत कितें पडलां गो?" आणि पेला सरकवून ठेवला.

दुसरं म्हणजे तळाला गाळ. शेवटचे दोन घोट अक्षरशः पहिल्या पावसातला ओहोळ.

माझी पद्धत अशी: पूड चार चमचे, त्यावर खळखळतं पाणी, चार मिनिटांनी दट्ट्या खाली, माझा कप ओतून घ्यायचा. नवरा पोदेर (पाववाला) येऊन गेल्यावर उठतो, त्याची कॉफी तशीच प्रेसमध्ये झाकून राहते. पूड बेळगावहून येते. जाळी रोज साबणाने धुते, हे आधीच सांगून ठेवते.

जाळी बदलू? कापडाचा फिल्टर आणू? की हे सगळं माळ्यावर टाकून पुन्हा जायफळाच्या कॉफीवर येऊ?

*

अर्धाकप, पणजी
४ जुलै, सकाळी ९.०२

तुमच्या पोस्टमध्येच निम्मं उत्तर आहे. "तशीच प्रेसमध्ये झाकून राहते." दट्ट्या दाबला म्हणजे चोथा वेगळा झाला असं नाही हो, तो तळाशी त्याच पाण्यात बसलेला असतो आणि कडूपणा सोडत राहतो. चार मिनिटांनी तुम्ही एक कॉफी पिता, अर्ध्या तासाने नवरा दुसरीच पितो. उरलेली सगळी लगेच थर्मासमध्ये ओता.

"चार चमचे" हे माप नव्हे. घरात काटा आहे का? साधा, भजनी मंडळाच्या प्रसादाला साखर मोजतात तसला चालेल. अर्ध्या लिटर पाण्याला ३० ग्रॅम पूड. इथून सुरुवात करा, मग जिभेला पटेल तसं दोन ग्रॅम इकडे तिकडे. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. पूड काळीकुट्ट भाजलेली असेल तर आणखी थोडं.

वासाचं मात्र मला कळलं नाही.

*

घाटवाट, बेळगाव
४ जुलै, सकाळी ११.३५

आमच्या गावची पूड म्हणालात म्हणून आलो. पुडक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून सांगा. "कॉफी-चिकोरी मिश्रण" असेल तर गाळाचं मूळ तिथेच आहे.

इकडच्या दुकानांत तुम्ही नुसतं "कॉफी पूड द्या" म्हणालात तर समोरचा फिल्टर कॉफीचीच देणार. तिच्यात चिकोरी असते आणि दळण पितळी फिल्टरच्या हिशोबाने बारीक. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पुडक्यावर छापलेलं हवं. चिकोरी वाईट नाही. दुधात ती दाटपणा आणि रंग देते, मी स्वतः संध्याकाळी तीच पितो. पण ते एक भाजलेलं मूळ आहे, गरम पाण्यात भराभर विरघळतं. चार मिनिटं त्यात बुडवून ठेवण्यासारखी ती वस्तू नाही.

प्रेसला बिनचिकोरीची हवी आणि जाड हवी. किती जाड? मैदा नको, बारीक रवाही नको. इडली रवा.

*

तांब्यापितळ, मडगाव
४ जुलै, दुपारी १.२०

काटा, थर्मास, इडली रवा! अहो कॉफी करताय की पंचांग मांडताय? आमच्याकडे पितळी फिल्टर आहे, आईच्या आईचा, कारवारहून आलेला. रात्री वर पूड भरायची, उकळतं पाणी घालायचं, झोपायचं. सकाळी खाली अर्क तयार. त्यालाही ना कागद लागतो ना कापड. पुन्हा वापरायचा फिल्टर म्हणून आज जे विकतात ते आपल्या बायका शंभर वर्षं वापरताहेत.

*

अर्धाकप, पणजी
४ जुलै, दुपारी १.४१

पितळी फिल्टरला माझा नमस्कार. पण त्या अर्कात दूध लागतंच. कुळागरताई काळी पीत असाव्यात असा अंदाज.

*

कुळागर, फोंडा
४ जुलै, रात्री ९.५५

हो, काळीच पिते. नवरा दुधाची पितो.

घाटवाट, पुडकं वाचलं. कॉफी ७०, चिकोरी ३०! सहा महिने मी "शुद्ध कॉफी" म्हणून पाहुण्यांसमोर मिरवत होते. गाळाचं कोडं सुटलं. पण पूड जानेवारीपासून हीच आहे, मग वास जूनमध्येच का सुरू झाला?

*

बिनसाखरी, म्हापसा
५ जुलै, सकाळी ७.१५

ताई, एक विचारू? जाळी रोज धुता म्हणजे दट्ट्यासकट नळाखाली धरता, की सुटी करून?

दट्ट्याच्या टोकाला एक जाळी दिसते, पण ते तीन तुकडे असतात. वर स्प्रिंगची कड असलेली ताटली, मधे जाळी, खाली भोकांची चकती. खालची चकती चिमटीत धरून दांडा उलटा फिरवला की सगळं सुटतं. बरेच जण वर्षानुवर्षं हे उघडतच नाहीत. मीही दोन वर्षं उघडलं नव्हतं, म्हणून तर ओळखला वास.

कॉफीत तेल असतं. कागद ते शोषून घेतो, धातूची जाळी कपात जाऊ देते. प्रेसच्या कॉफीला जो भरीवपणा असतो तो त्यामुळेच. पण त्यातलं थोडं जाळी आणि ताटलीच्या मधे अडकतं, सोबत बारीक पूड. उन्हाळ्यात ते निदान सुकतं. पावसाळ्यात आपल्याकडे चपला सुकत नाहीत तिथे ते कुठलं सुकायला! ओलंच राहतं, खवट होतं, आणि रोज सकाळी तुम्ही त्यावर गरम पाणी ओतून तोच खवटपणा कपात उतरवता.

आज उघडून बघा. नाकाला पदर लावून.

*

कुळागर, फोंडा
५ जुलै, दुपारी ३.३०

बिनसाखरी, तुमचे पाय कुठे आहेत?

उघडली. दांडा आधी फिरेचना, फडक्यात धरून नवऱ्याने फिरवला. ताटली सुटली तेव्हा टक् असा आवाज आला, इतकी चिकटली होती. जाळीच्या वरच्या अंगाला काळपट तपकिरी लगदा, कडेकडेने जास्त, मधे दांड्याच्या भोकाभोवती तर शेंगदाण्याच्या चटणीसारखा घट्ट. बोट लावलं तर तेलकट. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत पुडीचे कण एकेक करून बसलेले. आणि वास अगदी तोच, फक्त दहापट. मी जे सहा महिने "धुतलं" ते फक्त खालचं अंग.

सासूबाईंना दाखवायला नेली तर म्हणाल्या, "म्हज्या फडक्याक नांवां दवरतालीं." त्यांची जायफळाची कॉफी त्या फडक्याने गाळतात, आणि ते फडकं कळकट दिसतं म्हणून मी एकदा बोलले होते. आता ऐकून घेणं भाग आहे.

साबणाने घासली. वास कमी झाला, गेला नाही.

*

बिनसाखरी, म्हापसा
५ जुलै, संध्याकाळी ६.०५

भांड्यांच्या साबणाने जुनं तेल पुरतं निघत नाही. धुण्याचा सोडा आणा. खायचा नव्हे, धुण्याचा. वाण्याकडे मिळतो. अर्धा लिटर कडकडीत पाण्यात एक चमचा, त्यात तिन्ही तुकडे वीस मिनिटं. पाणी चहासारखं होईल. मग जुन्या दातांच्या ब्रशने स्प्रिंग घासायची आणि तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवायची. हाताला मोजे घाला, सोडा कातडीला लागतो. अॅल्युमिनियमच्या भांड्यात हे करू नका, ते काळं पडतं.

लिंबू-व्हिनेगरच्या मागे लागू नका. आंबट पदार्थ क्षार काढतो, तेल काढत नाही. किटलीच्या तळाला पांढरं धरलं असेल तर लिंबू, जाळी तेलकट असेल तर सोडा.

आठवड्यातून एकदा सोडा, रोज नुसतं उघडून धुवायचं आणि तुकडे सुटेच वाळत ठेवायचे. पुन्हा जोडायची ती दुसऱ्या दिवशी कॉफी करताना. जाळीच्या कडेच्या तारा सुटून बोटाला टोचायला लागल्या की जाळी बदला. नुसती जाळी वेगळी मिळते, फक्त प्रेसचं माप सांगायचं.

*

लॅबकोट, डिचोली
५ जुलै, रात्री १०.२०

धाग्याला थोडं वळण देतो. हे तेल फक्त वासाचा प्रश्न नाही. त्यात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल अशी दोन द्रव्यं असतात, आणि ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९८३ मध्ये आले. जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल वर दिसलं, आणि पुढे उलगडलं की तिकडे पूड भांड्यात उकळून न गाळता पीत. कागदातून गाळलेल्या कॉफीत ही द्रव्यं जवळजवळ उतरतच नाहीत.

घाबरवायला लिहीत नाही. दिवसाला एक कप प्रेसची कॉफी पिऊन कुणी आडवं होत नाही. पण रिपोर्टमधला आकडा वर असेल आणि रोज तीन-चार कप होत असतील, तर कागद वापरा.

*

कुळागर, फोंडा
५ जुलै, रात्री १०.४८

नवऱ्याचा आकडा वर आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलंय, खोबरं कमी करा. सारस्वताला खोबरं कमी करायला सांगतात! निदान कॉफी तरी वाचवायला हवी. पण कागद म्हणजे पुन्हा रोजचा कचरा.

*

बिनसाखरी, म्हापसा
६ जुलै, सकाळी ७.४०

मग माझं दुसरं खेळणं सांगते. एअरोप्रेस. दिसायला इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजसारखी. अॅलन अॅडलर म्हणून अमेरिकेत एक इंजिनिअर, आधी हवेत फेकायच्या चकत्या बनवायचा, त्याने २००५ मध्ये बाजारात आणली. २००८ मध्ये ऑस्लोत तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात स्पर्धक होते तीन. आपल्याकडच्या नरकासुर स्पर्धेत एका वाड्यावर जास्त असतात.

हिला रुपयाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी अशी कागदाची गोल चकती लागते. गंमत म्हणजे ती एकदा वापरून फेकायची गरजच नाही. चोथ्याची वडी केराच्या डब्यात पाडली की चकती वरच असते, ती नळाखाली धरायची आणि फ्रिजच्या दारावर चिकटवून द्यायची. सुकली की आपोआप पडते. मी एक चकती पाच-सहा वेळा वापरते. कडेला फाटली की टाकते, चोथ्यासकट तुळशीत.

स्टीलची चकतीही मिळते. ती जन्मभर पुरेल, पण तेलाच्या बाबतीत ती प्रेसच्या जाळीची धाकटी बहीण. नवऱ्यासाठी कागद, तुमच्यासाठी स्टील, असं करता येईल.

माझं माप: १५ ग्रॅम पूड, प्रेसपेक्षा बारीक (बारीक रवा चालेल), पाणी २०० मिली, उकळून चांगलं निवलेलं. अॅडलर स्वतः ८० अंश सांगायचा, मी गडद भाजणीला साधारण तेवढंच धरते. ढवळा, दीड मिनिट थांबा, हळूहळू दाबा. फस्स असा हवेचा आवाज आला की हात थांबवायचा. काही जण यंत्र उलटं उभं करून करतात. मी केलं होतं. ओट्यावर, नायटीवर आणि मांजरावर कॉफी सांडली. मांजर दोन दिवस स्वयंपाकघरात आलं नाही.

*

तांब्यापितळ, मडगाव
६ जुलै, सकाळी ८.३०

कापडाचं कुणी बोलत का नाही? मलमलचा तुकडा, एका रिंगला शिवून पिशवी. दहा रुपयांत काम.

*

अर्धाकप, पणजी
६ जुलै, सकाळी ९.१०

कापडाची कॉफी मला सर्वांत आवडते. गाळ नाही, तेल बरंचसं अडतं, तरी कागदासारखी पातळ लागत नाही. पण गोव्यात जून ते सप्टेंबर कापड सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. मी एकदा पिशवी धुऊन खिडकीत अडकवली आणि चतुर्थीला गावी गेलो. पाच दिवसांनी आलो तर तिच्यावर हिरवी लव. ती तशीच टाकली, उकळून वापरायचं धाडस झालं नाही.

पथ्यं अशी: नवीन कापड आधी उकळून घ्यायचं, नाहीतर खळीची चव उतरते. साबण कधीही नाही, कापड साबण पिऊन बसतं आणि दुसऱ्या दिवशी कपात सोडतं. वापर झाला की लगेच गरम पाण्यात चोळायचं. वाळवायच्या भानगडीत न पडता स्वच्छ पाण्याच्या डबीत बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. आठवड्याला एकदा उकळायचं. दोन-तीन महिन्यांनी पाणी उतरायला वेळ लागू लागला की नवं शिवायचं.

कुळागरताई, तुमच्या सासूबाईंचं फडकं दिसायला कळकट असेल, पण त्या ते रोज चुलीवर उकळत असतील तर ते तुमच्या जाळीपेक्षा स्वच्छच होतं.

*

कुळागर, फोंडा
६ जुलै, सकाळी ९.४४

उकळतात. रोज. ही पोस्ट त्यांना वाचून दाखवणार नाही.

*

घाटवाट, बेळगाव
६ जुलै, दुपारी १२.१५

पावसाचा विषय निघालाच आहे तर पुडीचंही बोलू. भाजलेली कॉफी हवेतला ओलावा ओढते, आणि दळलेली तर फारच. पाव किलोचं पुडकं उघडून महिनाभर वापरणं जुलैत जमणार नाही. शक्यतो दाणे घ्या, पुडक्यावर भाजणीची तारीख बघा, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच घ्या. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. बाहेर काढलं की गार दाण्यांना घाम फुटतो, शिवाय शेजारच्या सुक्या बांगड्याचा वास लागतो. फ्रीझर चालेल, पण आठवड्याच्या लहान लहान पुड्या हवाबंद करून, आणि एकदा काढलेली पुन्हा आत नाही.

दळायला हाताची चक्की उत्तम. नसेल तर मिक्सर, पण थांबून थांबून, दोन-दोन सेकंदांचे झटके, मधे भांडं हलवायचं. मग चहाच्या बारीक गाळणीत पूड हलवा. जो मैदा खाली पडेल तो वेगळा काढा. कपातला गाळ आणि निम्मा कडूपणा त्या मैद्यातच असतो.

कुणीतरी आता विचारणारच, की ओलाव्याने कॉफी बिघडते तर मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी हवेत मुरवलेली कॉफी, कशी काय होते? ते कच्च्या, न भाजलेल्या दाण्यांवर करतात. मंगळूरच्या बाजूला गोदामांतून दाणे पसरून तीन-चार महिने पावसाळी वारा खाऊ देतात. दाणा फुगतो, पिवळट होतो, आंबटपणा जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचेपर्यंत माल असाच होऊन जायचा, तिकडच्या लोकांना तीच चव लागली. २००८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बिनआंबट काळी कॉफी आवडत असेल तर प्रेसमध्ये ती करून बघाच.

*

शिवोलीची_विहीर, शिवोली
६ जुलै, रात्री ८.३०

पाण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून एक अनुभव. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, नदी जवळ असल्यामुळे. त्या दिवसांत कॉफी, चहा, डाळ, सगळ्याचीच चव जाते. नळाच्या पाण्याला कधी क्लोरिनचा वास येतो, तेव्हा रात्री हंडा उघडा ठेवते, सकाळी वास गेलेला असतो. एकदा शहाणपणा करून आरओचं पाणी वापरलं, तर कॉफी सपक झाली. पाण्यात थोडे क्षार लागतात म्हणे चव उतरायला. आता विहिरीचंच, मे सोडून.

*

अर्धाकप, पणजी
६ जुलै, रात्री ९.००

गाळाला आणखी एक उपाय आहे, फुकटचा. चार मिनिटांनी दट्ट्या दाबूच नका. वर चोथ्याची साय धरलेली असते, ती चमच्याने हलकेच मोडा, बराचसा चोथा आपोआप खाली बसतो. उरलेला फेस दोन चमच्यांनी काढून टाका. मग पाच मिनिटं हात लावू नका. जाळी फक्त पृष्ठभागाला टेकेल इतपत खाली आणायची आणि हळूच ओतायचं. दट्ट्या खालपर्यंत रेटला की बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो, आणि तो बसावा म्हणूनच तर आपण थांबलेलो असतो. शेवटचा पाव कप तळाशी सोडून द्या, लोभ धरू नका.

वेळ जास्त घेतला म्हणून कडू होईल असं वाटतं, पण दळण जाड असेल तर होत नाही.

*

कुळागर, फोंडा
१४ जुलै, सकाळी ८.२०

आठ दिवसांचा हिशोब देते.

जाळी सोड्यात ठेवली, पाणी खरंच चहासारखं झालं, दोनदा बदललं. वास गेला. घाटवाटांच्या सांगण्यावरून बिनचिकोरीचे दाणे मागवले, मिक्सरमध्ये झटके देऊन दळले, गाळणीने मैदा काढला. ६० ग्रॅममधून ९ ग्रॅम मैदा निघाला, काट्यावर मोजला! तो टाकवेना, म्हणून तांब्यापितळांना स्मरून नवऱ्याच्या दुधात उकळला. त्याला आवडला. (लॅबकोट, हे वाचू नका. एकदाच केलं.) त्याच्यासाठी एअरोप्रेस मागवली आहे. फ्रिजच्या दारावर कागदाची चकती चिकटवायला जागा करतेय, तिथे सध्या गॅसवाल्याचा, पंपवाल्याचा आणि भटजींचा नंबर आहे.

न दाबायची पद्धत काल केली. कपाच्या तळाची फुलं दिसली. हा कप घेऊन चार वर्षं झाली, आत फुलं आहेत हे विसरले होते.

आता नवीन संकट. काल मी बाजारात गेले असताना सासूबाईंनी प्रेसमध्ये धणे-जिऱ्याचा कषाय केला. "बरें गाळटा गो तुजें हें," म्हणून खूश आहेत, आज पुन्हा करणार आहेत. सकाळच्या कॉफीला जिऱ्याचा घमघमाट. सोड्यात एकदा ठेवून झालं, अजून येतोय. काय करू?

*

बिनसाखरी, म्हापसा
१४ जुलै, सकाळी ८.३१

पुन्हा सोडा. स्प्रिंगमध्ये ब्रश घाला, जिरं तिथेच बसतं.

आणि दुसरी प्रेस. त्यांच्या नावाची.